सात अंश आधी

जुन्या एफजे-४० लँड क्रूझरचं बॉनेट उघडून स्टार्टरच्या बाजूला वाकून पाहिलं, तर बेल हाउसिंगवर एक लहानशी खिडकी दिसते. बहुतेक गाड्यांत ती तेल आणि वाळूच्या थराखाली बुजलेली असते. फडक्याने पुसून आत बॅटरीचा झोत टाकला आणि इंजिन हाताने सावकाश फिरवलं, की फ्लायव्हीलच्या कडेत दाबून बसवलेला एक पोलादी छर्रा समोर येतो. त्याच्या थोडं मागून एक रेघ येते. रेघ खिडकीतल्या काट्यासमोर आली म्हणजे पहिल्या सिलिंडरचा पिस्टन अगदी वर पोचला. छर्रा समोर असतो तेव्हा पिस्टनला तिथे पोचायला क्रँकचे ७ अंश बाकी असतात. प्लगची ठिणगी नेमकी या छर्ऱ्यावर पडावी, असं कंपनीचं पुस्तक सांगतं.

पिस्टन वर पोचायच्या आधीच ठिणगी का, हा प्रश्न पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पडतोच. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण एका क्षणात भडकत नाही. प्लगपाशी ज्योत धरते, मग ती पसरत जाते, आणि सगळं मिश्रण पेटायला काही मिलिसेकंद जातात. सर्वात जास्त दाब पिस्टन वरून १२ ते १६ अंश खाली आला असताना मिळाला, तर तो क्रँकला पुरेपूर ढकलतो. ठिणगी उशिरा पडली तर पिस्टन पळून गेल्यावर मागून धक्का बसतो. फार लवकर पडली तर वर येणाऱ्या पिस्टनच्या डोक्यावर घाव बसतो.

वेगाचा हिशेबही यातच आहे. मिनिटाला ६५० फेऱ्यांवर क्रँक सेकंदाला ३,९०० अंश फिरतो, म्हणजे ७ अंश पार करायला त्याला जेमतेम १.८ मिलिसेकंद लागतात. ३,००० फेऱ्यांवर तेवढ्याच वेळात तो ३२ अंश पुढे गेलेला असतो. स्लो लोकलमधून उतरणारा माणूस स्टेशन दिसल्यावर उठला तरी चालतं, फास्ट गाडीत मात्र आधीचं स्टेशन मागे पडताच दाराकडे सरकावं लागतं; तसंच हे. म्हणून डिस्ट्रिब्यूटरच्या, म्हणजे आपल्याकडच्या डेल्कोच्या पोटात दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा असतात. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी आणखी आधी आणतात. बाजूला लटकलेला व्हॅक्यूमचा डबा इंजिनावर भार किती आहे ते पाहून त्यात भर घालतो. संगणक नसलेल्या काळातली ही व्यवस्था मला आजही थक्क करते. दोन लोखंडी तुकडे, दोन स्प्रिंगा आणि एक रबरी पडदा मिळून सेकंदाच्या हजाराव्या भागाचा हिशेब ठेवतात, आणि पन्नास वर्षं ठेवतात.

संयुक्त अरब अमिरातीत हा हिशेब वेगळा का पडतो, ते कळण्यासाठी तिथे या गाड्या आल्या कशा हे आधी पाहायला हवं. १९७१ च्या २ डिसेंबरला हा देश जन्माला आला, त्याच्या वीस वर्षं आधी, १९५१ मध्ये, इंग्रजांनी शारजामध्ये ट्रुशियल ओमान लेव्हीज नावाचं दल उभं केलं. १९५६ मध्ये त्याचं नाव ट्रुशियल ओमान स्काउट्स झालं. डांबरी रस्ता जवळजवळ नव्हताच. ओलसर खारवट सब्खा, वाद्या नावाची कोरडी दगडी नदीपात्रं आणि मऊ वाळू यांतून हे दल हिंडायचं ते लँड रोव्हर गाड्यांतून. तेल शोधणाऱ्या कंपन्यांची माणसंही त्याच वाटांवर होती. अबू धाबीत १९५८ मध्ये तेल सापडलं आणि १९६२ मध्ये पहिली निर्यात झाली. १९६६ पर्यंत तिथे व्यवहारात रुपया होता, आणि त्याच वर्षी वाहनं डाव्या बाजूकडून उजव्या बाजूला गेली. देशाचे संस्थापक शेख झायद अल ऐनचा कारभार पाहत असताना ज्या प्रकारच्या लँड रोव्हरने वस्त्या-वस्त्यांवर जात, तशी एक गाडी आज अल ऐनच्या पॅलेस म्युझियममध्ये उभी आहे. मागून लँड क्रूझर आली आणि वाळवंटाने तिला आपलंसं केलं. पैसा आला तशा शहरांत शेव्हरोले कॅप्रिससारख्या लांबलचक अमेरिकन गाड्या आल्या.

यातल्या बऱ्याच गाड्या आता जपून ठेवलेल्या आहेत. शारजाचं क्लासिक कार म्युझियम २००८ मध्ये सुरू झालं. तिथे शंभरेक गाड्या आहेत आणि सर्वांत जुनी १९१५ ची डॉज आहे. अबू धाबीहून लिवाकडे जाताना शेख हमद बिन हमदान अल नाहयान यांचा संग्रह लागतो, इंद्रधनुष्याच्या सात रंगांतल्या मर्सिडीज आणि घराएवढी डॉज पॉवर वॅगन त्यातलीच. म्युझियमं पाहावीतच. पण म्युझियमातली गाडी गप्प असते, आणि ठिणगीची वेळ, म्हणजे टायमिंग, कळतं ते चालत्या गाडीत. त्यासाठी शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात जावं लागतं.

तिथल्या एका गॅरेजात मी ज्यांच्या शेजारी उभा होतो ते मिस्त्री रत्नागिरी जिल्ह्यातले. तरुणपणी मुंबईत फिआट टॅक्सींवर हात बसला, मग आखातात आले. पोरं त्यांना चाचा म्हणतात, म्हणून गिऱ्हाइकंही चाचाच म्हणतात. गॅरेजात हिंदी, उर्दू, मल्याळम सगळं चालतं; माझ्याशी आणि त्या दिवशीच्या गाडीमालकाशी ते कोकणी वळणाच्या मराठीत बोलत होते. मालक पुण्याचे इंजिनिअर, दुबईत नोकरीला. गाडी सहा सिलिंडरची, २एफ इंजिनाची एफजे-४०. तक्रार एकच : ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा लालपर्यंत जातो.

“काय काय केलंत आतापर्यंत?” चाचांनी विचारलं.

मालकांनी यादी सांगितली. नवा जाड रेडिएटर, जादा इलेक्ट्रिक पंखा, नवा वॉटर पंप. कुणीतरी थर्मोस्टॅटही काढून टाकला होता.

“आणि डेल्कोला हात लावला कोणी?”

“नाही. गाडी चालू होतेय, मिसिंग नाही, म्हणून...”

चाचा काही बोलले नाहीत. त्यांनी डेल्कोची कॅप काढली, रोटर उपसला आणि सीबी पॉइंटकडे, म्हणजे करंट तोडणाऱ्या संपर्कांकडे, बघत राहिले. मग मीटर लावून ड्वेल मोजला, म्हणजे पॉइंट किती अंश मिटलेले राहतात ते. या इंजिनाला ४१ अंश हवेत. मीटर ४७ दाखवत होता.

इथे जरा थांबून समजून घेण्यासारखं आहे. पॉइंटच्या हाताला एक फायबरचा ठोकळा असतो, तो फिरणाऱ्या कॅमवर घासतो. ठोकळा झिजला की फट कमी होते, पॉइंट जास्त वेळ मिटलेले राहतात आणि उशिरा उघडतात. ठिणगी पॉइंट उघडताना पडते, त्यामुळे ती उशिरा पडते. ड्वेल एक अंश वाढला की टायमिंग साधारण एक अंश मागे जातं. सहा अंश वाढलेला ड्वेल म्हणजे ७ वरचं टायमिंग १ वर आलेलं. बाहेरून कुणी काहीही न फिरवता, नुसत्या झिजेने. शिवाय कॅमवरचं साधं ग्रीस इथल्या उन्हाळ्यात पातळ होऊन उतरून जातं आणि कोरड्या कॅमवर ठोकळा दुप्पट झिजतो. म्हणून इथे जास्त तापमान सोसणारं ग्रीस, तेही अगदी बोटाच्या टोकाला लागेल एवढंच, लावावं लागतं.

चाचांनी टायमिंग लाइटची चिमटी पहिल्या प्लगच्या वायरवर लावली, व्हॅक्यूमची नळी काढून तिच्या तोंडात एक बोल्ट खुपसला आणि इंजिन चालू केलं. दिव्याचा झगमगता प्रकाश खिडकीत पडला. फ्लायव्हील जागच्या जागी थबकल्यासारखं दिसू लागलं, आणि काट्यासमोर छर्रा नव्हता. रेघ होती, किंचित डळमळती. मालक वाकले, त्यांनी पाहिलं, आणि मग रेडिएटरकडे पाहिलं.

टायमिंग मागे असलं की इंजिन तापतं, ही गोष्ट या देशात जितकी महत्त्वाची आहे तितकी ती माहीत नाही. ठिणगी उशिरा पडली तर मिश्रण पिस्टन खाली जात असताना जळत राहतं. जी उष्णता ढकलण्यात खर्ची पडायची ती सिलिंडरच्या उघड्या पडलेल्या भिंतीला, एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हला आणि पोर्टला लागते, तिथून पाण्यात उतरते. बाहेर ४५ अंश असताना रेडिएटरकडे आधीच जेमतेम ताकद शिल्लक असते. लोक मग रेडिएटर मोठा करतात, पंखे वाढवतात, हजारो दिरहम घालवतात. मी तर म्हणेन, आखातात जुनी गाडी तापत असेल तर रेडिएटरचा पाइप सोडण्याआधी टायमिंग लाइट लावावा. दहा मिनिटांचं काम आहे.

चाचांनी नवे पॉइंट बसवले, फीलर गेजने फट बघितली, ड्वेल ४१ वर आणला. क्रम त्यांनी पोराला ओरडून सांगितला : आधी पॉइंट, मग टायमिंग. उलट केलं तर पॉइंट लावताना टायमिंग पुन्हा हलतं. मग डेल्कोच्या बुडाचा क्लॅम्प ढिला केला आणि डेल्को रोटरच्या उलट दिशेने जरासा फिरवला. उलट फिरवला की टायमिंग पुढे, रोटरच्या दिशेने फिरवला की मागे. डेल्को क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे इथला एक अंश म्हणजे तिथले दोन. बोटाला जाणवेल न जाणवेल एवढी हालचाल पुरते. छर्रा काट्यासमोर आला, इंजिनाचा आवाज भरला, फेऱ्या आपोआप वाढल्या. त्यांनी कार्बोरेटरच्या स्क्रूने त्या खाली आणल्या आणि टायमिंग पुन्हा पाहिलं, कारण फेऱ्या जास्त असताना वजनं उघडतात आणि खिडकीतला आकडा खोटा पडतो.

दिवा नसेल तरी हे काम अडत नाही. बारा व्होल्टचा बल्ब डेल्कोच्या लो-टेन्शन टर्मिनलला आणि बॉडीला जोडायचा, इंजिन बंद पण चावी चालू ठेवायची, आणि छर्रा समोर आणून डेल्को फिरवायचा; पॉइंट उघडले की बल्ब लागतो. तोही नसेल तर सिगारेटच्या पाकिटावरचा पातळ कागद पॉइंटमध्ये धरायचा आणि तो अलगद सुटेल त्या जागी थांबायचं. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांकडे लाइट कुठे होते, चाचा म्हणाले, कागदावर सगळी कामं झाली.

आपल्याकडच्या मोठ्या वयाच्या वाचकांना टायमिंगची ओळख वेगळ्या वाटेने असेल. जीपला, अँबॅसडरला हँडल मारताना टायमिंग पुढे गेलेलं असलं तर इंजिन उलट झटका द्यायचं आणि मनगट दुखावायचं. अंगठा बाकी बोटांबरोबर एकाच बाजूला ठेवायचा, ही ताकीद तेव्हाची. फोर्ड मॉडेल टीच्या स्टिअरिंगखाली डावीकडे एक दांडा असे, तो ठिणगीचा. चालक स्वतः टायमिंग पुढे-मागे करत गाडी हाकायचा. हँडल मारण्याआधी टायमिंग मागे घ्यायला विसरला तर हात मोडायचा. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांनी इलेक्ट्रिक स्टार्टर, दिवे आणि बॅटरीचं इग्निशन एकत्र आणलं आणि हँडलची गरज हळूहळू संपत गेली. पॉइंट, कॉइल, कंडेन्सर यांची ती जोडणी पुढची साठ-पासष्ट वर्षं जगभर चालली. चाचांच्या समोर उघडी पडलेली तीच.

ठिणगी लवकर पडल्याने पिस्टनवर बसणारा तो घाव, म्हणजे नॉक, हाही केटरिंग यांच्याच प्रयोगशाळेतला प्रश्न. तिथे काम करणाऱ्या थॉमस मिजली यांना १९२१ मध्ये पेट्रोलात शिशाचं संयुग घातलं की नॉक थांबतो असं आढळलं. त्या शोधाने इंजिनांचं कॉम्प्रेशन वाढवलं आणि जगभरच्या हवेत शिसं पसरवलं. भारतात ते २००० मध्ये बंद झालं, अमिरातीत २००३ मध्ये, आणि सर्वांत शेवटी अल्जीरियात २०२१ मध्ये. त्याबद्दल हळहळ वाटून घेण्याचं कारण नाही. जुन्या इंजिनाच्या व्हॉल्व्हच्या बैठका कडक धातूच्या करून घेतल्या की शिशाविना ते व्यवस्थित चालतं.

पुस्तकातल्या आकड्याचा खरा प्रश्न इथे येतो. ७ अंश हा आकडा जपानमध्ये ठरला, त्या काळच्या सामान्य पेट्रोलवर. जुन्या लँड रोव्हरच्या सव्वादोन लिटर इंजिनाचं कॉम्प्रेशन तर अवघं ७ ला १, कारण तिला आफ्रिकेत, आशियात मिळेल ते पेट्रोल पचवायचं होतं. अमिरातीतल्या पंपावर ९१, ९५ आणि ९८ ऑक्टेन मिळतं. पेट्रोल पुस्तकातल्यापेक्षा चांगलं, म्हणजे टायमिंग थोडं पुढे नेता येतं. पण आत येणारी हवा पुस्तकातल्यापेक्षा कितीतरी गरम, आणि गरम हवेत नॉक लवकर सुरू होतो, म्हणजे टायमिंग मागे घ्यावं लागतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. त्यामुळे पुस्तकातला आकडा सुरुवात करायला उत्तम, शेवट मात्र त्या गाडीवर, त्या पेट्रोलवर आणि त्या महिन्यात शोधावा लागतो. तो शोधायची सोय टोयोटाने ठेवलेली आहे. एफजेच्या डेल्कोवर ऑक्टेन सिलेक्टरची एक चकती असते, ए आणि आर अशा खुणांची, क्लॅम्प न सोडता टायमिंग किंचित सरकवायला. बनवणाऱ्यांनाच ठाऊक होतं की आकडा जागोजागी बदलणार.

यावरून आठवलं, कमी कॉम्प्रेशनच्या गाडीत ९८ ऑक्टेन ओतून “इंजिन मऊ चालतं” म्हणणारे बरेच भेटतात. ऑक्टेनमध्ये स्वतःची ताकद नसते, नॉक न होता टायमिंग पुढे नेण्याची मुभा तेवढी असते. डेल्को फिरवलाच नाही तर जादा पैसे वाया गेले.

नॉक ऐकायचा कुठे? महाराष्ट्रात हा प्रश्नच नाही. खंडाळ्याचा किंवा कसाऱ्याचा घाट असला, की तिसऱ्या गिअरमध्ये चढावर इंजिन आपलं म्हणणं सांगतं. दुबई आणि शारजा सपाट. चढ हवा तर अल ऐनला जेबेल हफीतवर जा, पावणेबारा किलोमीटरच्या वळणांचा रस्ता. नाहीतर रास अल खैमात जेबेल जैसवर. पण चाचा एवढ्या लांब जात नाहीत. हत्ताच्या वाटेवर अल बदायरची लाल वाळू आहे. टायरची हवा कमी केलेली, चाकं रुतलेली, ॲक्सिलरेटर दाबलेला, फेऱ्या कमी, समोरून वारा जवळपास नाही : मऊ वाळूत इंजिनावर पडणारा भार घाटापेक्षा कमी नसतो, उलट थंड व्हायची संधी कमी असते. स्काउट्सच्या ड्रायव्हरांनाही हाच आवाज ऐकावा लागला असणार.

आम्ही तिघं गेलो. चाचांनी टायमिंग मुद्दाम १० वर ठेवलं होतं. वाळूत शिरल्यावर त्यांनी खिडक्या खाली घ्यायला लावल्या आणि मालकांना दुसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबायला सांगितलं. बारीक, कोरडी, धातूची टकटक सुरू झाली. टॅपेटचा आवाज वेगळा. तो जागेवर उभ्या गाडीतही येतो आणि फेऱ्यांबरोबर वाढतो. ही टकटक भार पडताच आली आणि पाय सैल करताच नाहीशी झाली. “हा बघा,” चाचा म्हणाले. “हायवेला हा ऐकायला नाही येणार, एसीत तर नाहीच. आणि पिस्टन मात्र मार खात राहणार.” ज्यांच्या गाड्यांत पिस्टनच्या कडा अशा गुपचूप खाल्ल्या गेल्या आहेत त्यांना हे वाक्य कळेल. उतरून त्यांनी डेल्को केसभर मागे घेतला. टकटक कमी झाली, पुरती गेली नाही. आणखी थोडा मागे. तिसऱ्या वेळी पाय पूर्ण दाबूनही इंजिन स्वच्छ ओढत राहिलं. दिवा लावून पाहिलं तर आकडा ८ च्या आसपास होता. पाण्याचा काटा निम्म्यावर थांबला होता, तोही वाळूत.

अमेरिकन व्ही-८ असती तर आणखी एक पायरी लागली असती. त्यांची खूण पुढच्या पुलीवरच्या बॅलन्सरवर असते, आणि त्याच्या दोन कड्यांमधलं रबर इथल्या उष्णतेत वर्षानुवर्षं शिजून सैल पडतं. बाहेरचं कडं सरकतं आणि खूणही सरकते. आकडा बरोबर, गाडी चुकीची, असा घोळ होतो. आधी प्लगच्या भोकातून पिस्टन खरोखर वर केव्हा येतो ते तपासून खूण नव्याने करायची, मगच दिवा. एफजेचा छर्रा फ्लायव्हीलमध्येच असतो, तो कुठे जात नाही. म्हणून त्या खिडकीवर चाचांचा जीव आहे.

परतताना मालकांनी विचारलं, पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल घालू का? चाचांचा विरोध नव्हता. ठोकळा झिजत नाही, ड्वेल सरकत नाही, हा मोठाच फायदा. पण मॉड्यूल उष्णतेने गेलं तर सूचना न देता जातं आणि वाळवंटात दुरुस्त होत नाही. घालायचं तर जुनी पॉइंटची प्लेट, कंडेन्सर आणि एक स्क्रूड्रायव्हर गाडीत ठेवून घाला. आणि मॉड्यूल घातलं म्हणून टायमिंग आपोआप लागत नाही, डेल्को तरीही फिरवावाच लागतो.

गॅरेजात आल्यावर क्लॅम्प घट्ट करून त्यांनी पुन्हा दिवा लावला, कारण आवळताना डेल्को हटतो. व्हॅक्यूमची नळी जोडली. मग बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिलं : महिना, पेट्रोल ९५, ड्वेल ४१, टायमिंग ८. इथे जुन्या गाड्या जास्त फिरतात त्या थंडीत, आणि थंडीत लावलेलं टायमिंग एप्रिलच्या उन्हात नॉक करतं, म्हणून महिना लिहायचा.

“नोव्हेंबरात आणा साहेब,” पान्यांची पेटी मिटता मिटता ते म्हणाले. “दोन अंश पुढे घेऊ. आणि तो थर्मोस्टॅट आधी परत बसवून घ्या.”